आयत्या वेळचा विषय

सरकारी दवाखान्याच्या कारभारात लोकांना बसवावं ही कल्पना एखाद्या थोर विचारवंताची निघाली असती तर आम्हा पुणेकरांना बरं वाटलं असतं. निदान त्याच्या नावाने एक व्याख्यानमाला सुरू करता आली असती. पण ती सुचली उंदरांमुळे. १९९४ साली सुरतेत प्लेग आला, देशभर धावपळ उडाली आणि इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तिथे उंदीर इतके होते की रुग्ण पाहुणे वाटावेत. जिल्हाधिकाऱ्यांनी रुग्ण दुसरीकडे हलवले, इमारत रिकामी केली, हजारो उंदीर मारले, वर्षानुवर्षांचा कचरा बाहेर काढला. मग प्रश्न पडला की हे असंच स्वच्छ ठेवायचं कुणी? खात्याला विचारलं असतं तर खात्याने अंदाजपत्रक मागवलं असतं. म्हणून काही अधिकारी आणि शहरातली काही माणसं एकत्र बसवून समिती केली. रुग्णांकडून थोडं शुल्क घ्यायचं, ते सरकारी तिजोरीत न पाठवता तिथेच ठेवायचं आणि तिथेच खर्चायचं, असं ठरलं. मध्य प्रदेशने ही रोगी कल्याण समिती राज्यभर नेली, २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली, आणि महाराष्ट्रात ती रुग्ण कल्याण समिती म्हणून प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या दारावरच्या बोर्डात जाऊन बसली. बोर्डावर अध्यक्षांचं नाव असतं. बहुधा मागच्या अध्यक्षांचं.

प्लेग आणि समिती ही जोडी पुण्याला मात्र त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधीपासून ठाऊक होती. १८९७ च्या फेब्रुवारीत इथे खास प्लेग समिती नेमली गेली, अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड. त्या समितीत लोकसहभाग एवढाच, की गोरे सोल्जर लोकांच्या माजघरात, देवघरात शिरत आणि लोकांनी त्या वेळी घरी हजर राहावं अशी अपेक्षा असे. या अध्यक्षांचा कार्यकाळ २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा आटोपला ते शाळेत शिकवतात. रुग्ण शोधायला थेट घरात घुसणारी ती समिती, आणि रुग्ण समोरच्या वॉर्डात असताना तिकडे न फिरकणारी आजची समिती! धोरण किती मवाळ झालं बघा. त्याच साथीत सावित्रीबाई फुले पुण्याबाहेरच्या माळावर मुलाने, डॉक्टर यशवंतने, उघडलेल्या दवाखान्यात रुग्ण स्वतः उचलून आणत होत्या. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या. त्यांना कुठल्या समितीवर घेतल्याची नोंद नाही.

शहरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या समितीवर मी आहे. (नाव सांगत नाही. पुढची बैठक व्हायची आहे.) त्यांना एक अशासकीय महिला सदस्य हवी होती. मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिते, मुख्यतः फुटपाथवर लावलेल्या दुचाक्यांविषयी. 'या बाई एवीतेवी बोलतच असतात, इथे येऊन बोलू देत' अशा हिशेबाने कुणीतरी माझं नाव पुढे केलं असावं. नेमणुकीच्या पत्रात मला 'प्रतिष्ठित नागरिक' म्हटलं होतं. ते पत्र मी टीव्हीशेजारी दिसेल असं उभं ठेवलं. लवकरच आमच्या घरात त्याच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिली गेली, आणि ती यादी घेऊन हे दुकानात गेल्यामुळे माझी प्रतिष्ठा निदान वाण्यापर्यंत पोचली.

आता पुण्याला समित्यांचं वावडं आहे असं कुणी म्हणणार नाही. सोसायटीची समिती, गणपती मंडळाची कार्यकारिणी, वाचनालयाचं विश्वस्त मंडळ, टेकडीवरच्या झाडांचा गट, हास्यक्लब. हास्यक्लबातसुद्धा इथे खजिनदार असतो आणि तो हसत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर तीन तास भांडणारी माणसं मी पाहिली आहेत, उपविधी तोंडपाठ असलेली. पण हीच माणसं आपल्या शहरातल्या सरकारी रुग्णालयाच्या समितीत कोण आहे, तिच्याकडे पैसे किती येतात, ती भेटते कधी, याची कधी चौकशी करत नाहीत. कारण उघड आहे. ज्यांना इतिवृत्त वाचता येतं त्यांच्याकडे मेडिक्लेम असतो, आणि ज्यांच्याकडे केसपेपर असतो त्यांना बैठकीचं निमंत्रण जात नाही.

ससून १८६७ पासून उभं आहे. औंधला जिल्हा रुग्णालय आहे, मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू आहे. पण सदाशिव पेठेतल्या, कोथरूडमधल्या माणसाला ससूनबद्दल विचारा. तो आत गेलेला असतो तो दाखला काढायला, नाहीतर कुणाच्या तरी पोस्टमॉर्टेमच्या वेळी बाहेर उभा राहायला. अपवाद एकच. २०२० च्या मार्चमध्ये राज्यातले करोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले, त्यांना नायडू रुग्णालयात ठेवलं, आणि ज्यांनी नायडू फक्त रिक्षावाल्याला खूण सांगण्यापुरतं वापरलं होतं अशा घरांना एकदम तिथल्या बाथरूमच्या अवस्थेविषयी मतं फुटली. तक्रारी खऱ्या होत्या. पण त्या बाथरूममध्ये त्याआधीही माणसंच जात होती. साथ ओसरली तशी मतंही ओसरली.

तर समिती. कागदावर ती दोन मजल्यांची असते. वर नियामक मंडळ, त्यात लोकप्रतिनिधी आणि मोठे अधिकारी, जे वर्षातून कधीतरी भेटतात. खाली कार्यकारी समिती, जिने खरं काम करायचं. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना आणखी एक वेगळी अभ्यागत समिती असते. अभ्यागत म्हणजे पाहुणे, आणि पाहुण्यांचं सगळं त्यात साग्रसंगीत होतं.

आमच्या समितीत अधीक्षक सचिव आहेत. बांधकाम विभागाचे एक उपअभियंता आहेत, ते प्रत्येक प्रश्नाला 'एस्टिमेट टाकलंय' एवढं एकच उत्तर देतात आणि ते नेहमी खरं असतं. डॉक्टरांच्या संघटनेतर्फे एक डॉक्टर आहेत, त्यांचं स्वतःचं नर्सिंग होम रुग्णालयाच्या समोरच आहे. इथली सोनोग्राफी बंद पडली की सर्वात आधी त्यांना कळतं. एक निवृत्त अभियंता आहेत, फाइल आणि मार्कर घेऊन येणारे. एका संस्थेची तरुण मुलगी आहे, ती सगळं लिहून घेते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. एक देणगीदार आहेत. त्यांनी आजोबांच्या स्मरणार्थ व्हीलचेअर दिल्या आहेत आणि नाव पेंटरने बसायच्या जागेवर रंगवलं आहे, त्यामुळे आजोबा कोण हे रुग्ण बरा होऊन उठल्यावरच समजतं. या व्हीलचेअर दाराजवळच्या खांबाला साखळीने बांधलेल्या असतात, कारण आधीच्या दोन रुग्णांसोबत घरी गेल्या. कुलपाची किल्ली ब्रदरांकडे असते. ब्रदर दुसऱ्या शिफ्टला असतात. पाय मोडलेला माणूस खुर्चीशेजारी एका पायावर उभा राहून ब्रदरांची वाट बघतो आहे, हे दृश्य मी पाहिलं आणि बैठकीत सांगितलंही. त्यावर अभियंत्यांनी नंबरचं कुलूप सुचवलं. मग नंबर कुणाला सांगायचा यावर उपसमिती झाली.

लोकप्रतिनिधीची खुर्ची मात्र बरीच वर्षं रिकामीच पाहिली. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत होते. नगरसेवक नसल्यामुळे कामं अडली असं म्हणवत नाही. पण नगरसेवक असताना निदान कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं हे वॉर्डातल्या मावशींना ठाऊक असे.

पैशांचं सांगते, कारण गंमत तिथे आहे. ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हाचा हिशेब असा: जिल्हा रुग्णालयाच्या समितीला वर्षाला पाच लाख, ग्रामीण रुग्णालयाच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीला एकेक लाख. आरोग्य केंद्राला वरून २५,००० अबंधित निधी आणि ५०,००० देखभालीला. नंतर आकडे बदलत गेले, पण मासला हाच. एवढ्या पैशांत एमआरआय येत नाही. एमआरआयसाठी मंत्री येतात, फीत येते, फोटो येतो. हे पैसे आहेत ते गळक्या तोटीसाठी, गेलेल्या ट्यूबलाइटसाठी, तुटलेल्या बाकासाठी, पावसाळ्यात दाराशी टाकायच्या पायपुसण्यासाठी. ज्या वस्तूसाठी कुणी टेंडर काढत नाही आणि जिच्यावाचून माणूस हैराण होतो, अशा वस्तूंसाठी. सरकारने सरकारलाच न विचारता तोटी बदलायची परवानगी दिली, ही आपल्या प्रशासनातली क्रांतीच म्हणायची. फक्त हा अबंधित निधी कसा खर्चावा याच्या सूचना आहेत, सूचनांवर परिपत्रकं आहेत, परिपत्रकांवर शुद्धिपत्रकं आहेत. पैसे उशिरा येतात आणि मार्च वेळेवर येतो. त्यामुळे वर्षभर पंख्यावाचून राहिलेल्या वॉर्डात २८ मार्चला एकदम पडदे लागतात.

इंदूरच्या मूळ कल्पनेत रुग्णाकडून घेतलेलं शुल्क हा समितीचा आधार होता. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं विनामूल्य झालं. रुग्णांचं कल्याण झालं. समितीचं काय, हा मुद्दा एका बैठकीत एक सदस्य काढू पाहत होते, पण तेवढ्यात पॅटिस आले.

बैठक अकराची असते. बाराच्या सुमाराला गणपूर्ती होते, म्हणजे खालच्या ओपीडीतून एका डॉक्टरांना रांग सोडून वर बोलावलं की आकडा भरतो. ओपीडीतल्या रांगेचं कल्याण त्या काळात स्थगित असतं. मग मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मागच्या सभेत काय झालं यावर अर्धा तास जातो, कारण प्रत्येकाला आपण बोललो ते त्यात नाही असं वाटतं आणि अधीक्षकांना प्रत्येकजण जे बोलला ते त्यात आहे याची भीती वाटते.

माझ्या पहिल्याच बैठकीत मुख्य विषय कमानीचा होता. रुग्णालयाला भव्य प्रवेशद्वार असावं अशी सूचना आली होती. कमानीला निधी नव्हता, समितीला अधिकार नव्हता, नकाशा नव्हता. त्यामुळे चर्चा अगदी मोकळेपणाने झाली. दगड काळा असावा की लाल, वर धन्वंतरी असावा की नुसता कळस, रात्री लाइट सोडायचे का. देणगीदारांनी आजोबांच्या नावाचा विषय काढला. नर्सिंग होमवाल्या डॉक्टरांना कमानीमुळे समोरची पाटी झाकली जाईल अशी शंका आली. उपअभियंत्यांनी एस्टिमेट टाकायचं कबूल केलं. शेवटी कमानीतून ॲम्ब्युलन्स जाईल ना, असं त्या संस्थेच्या मुलीने विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. उंची कुणी धरलीच नव्हती.

त्यानंतरचा विषय तक्रारपेटी उघडणे. ही पेटी लाल रंगाची, लोखंडी, केसपेपरच्या खिडकीजवळ टांगलेली, आणि तिची किल्ली हरवलेली. हरवलेली आहे हे गेल्या तीन बैठकांच्या इतिवृत्तात कायम झालेलं होतं. या वेळी रुग्णालयातले शिपाई, मामा, हातोडी घेऊन आले आणि कुलूप एका फटक्यात निघालं, मग सगळे जरा ओशाळले. आत वेफर्सची रिकामी पाकिटं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, एका होतकरू तरुणाचा बायोडेटा फोटोसकट, आणि तक्रारी निघाल्या दोन. एकीत लिहिलं होतं, 'अमुक वॉर्डच्या सिस्टर फार चांगल्या आहेत. त्यांची बदली करू नये.' त्या सिस्टरांची बदली होऊन वर्ष झालं होतं. दुसरी वहीच्या कागदावर, शिसपेन्सिलीने: 'वॉर्डातल्या पंख्याला रेगुलेटर नाही. फुल चालतो. आमच्या आजीला थंडी वाजते म्हणून बंद करतो, तर शेजारच्या आजोबांना उकडते ते ओरडतात. आजी आणि आजोबा दोघेही चांगले आहेत. तोडगा काढावा.' खाली सही नाही, तारीख आहे, आणि ती दोन उन्हाळ्यांपूर्वीची. रेग्युलेटर बाजारात काही शे रुपयांना मिळतो. तो लावायला विद्युत शाखेचं पत्र लागेल असं ठरलं. मी आजी-आजोबांचं पुढे काय झालं ते विचारलं. अधीक्षक म्हणाले, "मॅडम, ते दोघंही बरे होऊन गेले असणार. आमच्याकडे आता रिझल्ट चांगले आहेत."

अधीक्षकांवर मी राग धरत नाही. तो माणूस सकाळी आठपासून रक्ताचा साठा, औषधांचा साठा, कोर्टाचे समन्स, एका वॉर्डबॉयचं भांडण आणि एका आमदाराचा फोन यांतून वाट काढत असतो. त्यात महिन्यादोन महिन्यांनी आम्ही प्रतिष्ठित मंडळी येऊन त्यांना विचारतो, कमानीचं काय झालं? मी त्यांच्या जागी असते तर मीही किल्ली हरवली असती.

आमच्या समितीत आशाताई निमंत्रित म्हणून येतात. शेवटच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर. त्या शहरी आरोग्य अभियानातल्या. ते २०१३ मध्ये सुरू झालं, तेव्हा वस्त्यांमध्ये महिला आरोग्य समित्या करायच्या ठरल्या: पन्नास ते शंभर घरांमागे एक, तिथल्याच काही बायका, वर्षाला ५,००० रुपये. पाच हजार. आमच्या बैठकीच्या चहापाण्याचा वर्षाचा खर्च काढायला मी सांगितलं होतं, तो अजून कार्यवाहीत आहे. पण त्या पाच हजारांचा हिशेब त्या बायकांना तोंडी येतो. फिनेल किती, बाळंतिणीला रिक्षा किती, बैठकीला सतरंजी किती. त्यांतल्याच एकीला आशाताई माझ्याकडे घेऊन आल्या. तिचं पहिलं बाळंतपणसुद्धा आमच्याच रुग्णालयात झालं होतं आणि आता सासू तिथेच दाखल होती. मी तिला अगदी समितीच्या भाषेत विचारलं, "तुम्हाला काय सुधारणा अपेक्षित आहेत?"

ती म्हणाली, "बाई, तुम्ही दिवसा येता. रात्री या की एकदा."

रात्री गेले. दहानंतर रुग्णालय कुणाचं असतं हे तेव्हा कळलं. रुग्ण वॉर्डात, पण त्यांच्यामागे आलेली सगळी बिऱ्हाडं जिन्याखाली, औषधाच्या बंद खिडकीसमोर, एक्स-रेच्या बाकांखाली. चटया अंथरलेल्या, डोक्याखाली चपला, चपलांवर टॉवेल. प्रत्येकाच्या उशाशी एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात केसपेपर, एक्स-रे, सोलापूरकडून किंवा जुन्नरकडून बांधून आणलेली भाकरी. आणि एक्स-रेच्या दाराशेजारी भिंतीत एकच सॉकेट. त्यात एक थ्री-पिन, त्यात एक पट्टी, त्या पट्टीत आणखी एक पट्टी, आणि तिथून लोंबणारे इतके मोबाइल की भिंतीला वेल चढावा तसं दिसत होतं. शेजारी स्टुलावर मामा. फोनला दहा रुपये. मामांकडे वहीसुद्धा होती, फोनचा रंग आणि माणसाच्या गावाचं नाव लिहिलेली. आमच्या स्टोअरपेक्षा ती नीट होती.

मला आधी मामांचा राग आला. मग थोडा वेळ तिथे बसले. एका वॉर्डातून सिस्टर बाहेर आल्या आणि ओरडल्या, "चौदा नंबरचे नातेवाईक कोण? रक्त आणायचंय!" कुणी उठेना. फोन लावला तर स्विच ऑफ. तो माणूस पायऱ्यांवर झोपला होता आणि त्याचा फोन भिंतीवर चार टक्क्यांवर लोंबत होता. मामांनीच वही बघून त्याला शोधला. "चौदा नंबर, निळा नोकिया, इंदापूर," म्हणाले आणि बरोबर माणसाला हलवून उठवलं. रुग्ण कल्याण म्हणतात ते मला प्रथम तिथे, दहा रुपयांत होताना दिसलं.

गंमत म्हणजे दवाखान्याला असे प्रश्न विचारायची रीत या राज्यात नवी नाही. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचं उस्मानाबाद या जिल्ह्यांत. राज्याचा समन्वय 'साथी' या पुण्यातल्याच संस्थेकडे. गावातल्या लोकांनी आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं. चांगल्याला हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. नर्सताई येतात का, गोळ्या बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का. मग जनसुनवाई: समोर मांडवात गावकरी, स्टेजवर डॉक्टर आणि अधिकारी, आणि एखादी आजी माईक हातात घेऊन थेट विचारायची, माझ्या सुनेला त्या रात्री परत का पाठवलं? लाल शेरा मिळालेला अधिकारी पुढच्या वेळी तयारीने येई, निदान हिरवा शर्ट घालून. पुण्यात बसून राज्यभराला दवाखान्याला प्रश्न विचारायला शिकवलं. लकडी पुलाच्या अलीकडे-पलीकडे मात्र अजून कुणी प्रगतिपुस्तक भरलेलं मला दिसलेलं नाही. इथे आपण फक्त हॉटेलांना स्टार देतो.

पुढच्या बैठकीत मी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' यात हात वर केला. हे विषयपत्रिकेतलं शेवटचं कलम असतं आणि तोपर्यंत अर्धे सदस्य पिशवीत टोपी शोधत असतात. मी म्हटलं, नातेवाइकांसाठी चार्जिंगचा बोर्ड हवा. दहा सॉकेटचा. भिंतीला पक्का. एक क्षण शांतता. मग डॉक्टर म्हणाले, उद्या इस्त्री मागतील. देणगीदारांनी बोर्डावर आजोबांचं नाव बसेल का ते विचारलं. उपअभियंता म्हणाले, एस्टिमेट टाकतो. निवृत्त अभियंत्यांनी मात्र मार्कर काढला, तिथल्या तिथे वायरिंगचं चित्र काढलं, लोड काढला, एमसीबी कुठे बसवायची ते दाखवलं. त्या माणसाचे डोळे कमानीच्या दिवशी असे चमकले नव्हते. तीन कोटेशनं आली. त्यांतली दोन एकाच हस्ताक्षरात होती, त्याकडे आम्ही एकमताने दुर्लक्ष केलं. मार्चला अजून वेळ असताना बोर्ड लागला. त्याच इलेक्ट्रिशियनला चहा पाजून वॉर्डातल्या पंख्याला रेग्युलेटरही बसवून घेतला. तो कुठल्या पत्राने बसला हे कृपा करून कुणी विचारू नये.

ऑडिटने ते विचारलं नाही, बोर्डाचं मात्र विचारलं. लेखापरीक्षकांचा शेरा आला: 'सदर चार्जिंग बोर्ड हा रुग्णांच्या नातेवाइकांच्या वैयक्तिक भ्रमणध्वनीकरिता वापरात असल्याचे निदर्शनास येते. सबब सदर खर्चाचा रुग्ण कल्याणाशी संबंध स्पष्ट होत नाही. खुलासा सादर करावा.' अधीक्षकांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, तुम्ही पत्रं लिहिता म्हणून ऐकलंय."

मी लिहिलं: 'रुग्णास रक्त लागते. रक्त आणण्यास नातेवाईक लागतो. नातेवाईक आवारात कोठे निजला आहे हे समजण्यास सिस्टरांना त्याचा भ्रमणध्वनी लागावा लागतो. तो लागण्यास त्यात चार्ज असावा लागतो. सबब सदर बोर्ड हा रक्तसंक्रमण सेवेचा अविभाज्य भाग समजण्यात यावा.' अभियंत्यांनी सोबत वायरिंगचा नकाशा जोडला. नर्सिंग होमवाल्या डॉक्टरांनी सही केली, आणि खाली आपल्या हाताने 'वैद्यकीयदृष्ट्या योग्य' असं लिहिलं.

खुलासा मान्य झाला. फक्त त्यावर नवा शेरा आहे: सॉकेट दहा आणि खाटा त्याच्या कितीतरी पट, तेव्हा उर्वरित रुग्णांच्या रक्तसंक्रमणाची काय व्यवस्था केली आहे? तो विषय आता रीतसर पत्रिकेवर आहे, कमानीच्या वर. मामांनी दरम्यान स्टूल बोर्डाशेजारी हलवलं आहे. वीज फुकट झाली म्हणून ते आता चार्जर भाड्याने देतात, वही तीच. टाइप-सीला पंधरा.